स्वालबार्डला गटाने स्नोमोबाइलवर जायचंय? आधी कागदपत्रांचा क्रम लावा

आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये स्वालबार्डला स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटरयंत्रावर, फिरायचा विषय निघाला तेव्हा पहिल्या बैठकीत सगळे थंडीवरच बोलत होते. मोजे किती, थर्मल कुठून घ्यायचे, उणे वीसमध्ये मोबाइलची बॅटरी टिकते का. कपड्यांची चिंता तिथली सहल कंपनी मिटवते. जाड सूट, बूट, हेल्मेट, हातमोजे सगळं सहलीच्या पैशांतच मिळतं. सफर अडते ती कागदांवर आणि ते कागद इथेच, सहा महिने आधीपासून जमवावे लागतात. गटातल्या एकाचा जरी कागद चुकला तरी त्याचा फटका सगळ्यांना बसतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला, आर्क्टिक महासागरातला द्वीपसमूह. लाँगइयरब्येन हे तिथलं मुख्य गाव 78 अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपल्याला हे नाव अगदीच अनोळखी नाही. भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र 2008 पासून तिथल्याच नी-ऑलेसुन्डमध्ये आहे आणि त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. 1920 च्या स्वालबार्ड करारावर तेव्हाच्या ब्रिटिश भारताच्या वतीनेही सही झाली होती.

व्हिसा: 'लागत नाही' हे अर्धंच खरं

स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही, असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. नियम म्हणून ते बरोबरच आहे. स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या क्षेत्राबाहेर) आहे आणि तिथे उतरायला स्वतंत्र व्हिसा नाही. पण आपण जाणार ओस्लोमार्गे आणि ओस्लो शेंगेनमध्ये येतं. मुंबईहून ओस्लोला उतरलात की पहिला प्रवेश झाला. ओस्लोहून लाँगइयरब्येनला निघालात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात. परत ओस्लोला आलात की दुसरा प्रवेश. म्हणून भारतीय पासपोर्टवर किमान दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा हवाच.

आमच्या गटातल्या एका जोडप्याचा अर्ज त्यांच्या एजंटने भरला. त्याने एकच प्रवेश निवडला होता आणि व्हिसाही तसाच आला. पासपोर्ट हातात आल्यावर त्यांनी फोटो पाहिला, तारखा पाहिल्या आणि आनंदाने ग्रुपवर टाकलं. प्रवेशांच्या रकान्यात '01' छापलंय हे मला झूम करून पाहिल्यावर दिसलं. तिथे '02' किंवा 'मल्ट' (MULT, म्हणजे अनेक प्रवेश) असायला हवं. मग नव्याने अर्ज, नव्याने शुल्क आणि तीन आठवडे घोर. तो रकाना अगदी लहान अक्षरांत असतो. पासपोर्ट आल्याबरोबर प्रत्येकाने आधी तोच वाचावा.

अर्ज नॉर्वेच्या परदेशी नागरिक संचालनालयाच्या (यूडीआय) संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, शुल्क तिथेच भरायचं, छापील प्रत काढायची आणि अपॉइंटमेंट घेऊन व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. शुल्क प्रौढांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45 युरो. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते किमान पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. मार्चच्या सफरीसाठी डिसेंबर संपायच्या आत कागद आत गेलेले बरे.

फॉर्ममध्ये प्रवेशांची संख्या विचारतात तिथे एकापेक्षा जास्त निवडा. सोबतच्या पत्रात कारणही स्पष्ट लिहा: अमुक तारखेला ओस्लो, अमुक ते अमुक लाँगइयरब्येन, अमुक तारखेला पुन्हा ओस्लो, म्हणून दोन प्रवेश हवेत. एवढी दोन वाक्यं पुरतात. ती गटातल्या प्रत्येकाच्या पत्रात सारखीच असू द्या. अर्ज ज्याचा त्याचा स्वतंत्र असला तरी कार्यक्रम, हॉटेल आणि तारखा सगळ्यांच्या जुळायला हव्यात.

बाकीची कागदपत्रं नेहमीच्या शेंगेन व्हिसाचीच. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरण, पगाराच्या स्लिपा, कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र. धंदा असेल तर नोंदणी आणि जीएसटीचे कागद, निवृत्त असाल तर पेन्शनचा पुरावा, विद्यार्थ्याला बोनाफाइड. खर्चाची ऐपत दाखवताना नॉर्वे माणशी दिवसाला 500 क्रोनर (नॉर्वेचं चलन) धरतं, पण स्वालबार्डचे भाव पाहता खात्यात त्याहून बरीच जास्त शिल्लक दिसलेली चांगली. स्नोमोबाइल कंपनीचं बुकिंगपत्र जरूर जोडा. तिथे नेमके कशासाठी चाललोय हे त्या एका कागदावरून समजतं.

लायसन्स: इथे सर्वांत जास्त गडबड होते

स्नोमोबाइल चालवणाऱ्याकडे चालू असलेलं, पक्कं ड्रायव्हिंग लायसन्स हवं. कारचं चालतं. लर्निंग लायसन्स मात्र चालत नाही. लायसन्स नसेल तर मागच्या सीटवर बसता येतं, एका यंत्रावर दोघं असतात. त्यामुळे दहा जणांच्या गटात किमान पाच पक्के चालक हवेत. मी तर सात-आठ धरायला सांगेन. दिवसभर उजव्या अंगठ्याने थ्रॉटल (वेगाचा खटका) दाबून धरल्यावर हात भरून येतो आणि दुपारनंतर जागा बदलावीशी वाटते.

लायसन्सची मुदत आज तपासा. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या सुधारणेनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन्स वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंतच चालतं. पुढे तीस ते पन्नास वयात काढलं तर दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलं तर साठीपर्यंत, त्यानंतर दर वेळी पाच वर्षं. आमच्यापैकी दोघांची मुदत जानेवारीत संपत होती आणि त्यांना ते माहीतच नव्हतं. नूतनीकरणाचा अर्ज सारथी पोर्टलवर होतो. चाळिशीनंतर डॉक्टरांचा फॉर्म 1-ए लागतो.

दुसरी गोष्ट नावाची. लग्नाआधी काढलेल्या लायसन्सवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. किंवा एका कागदावर मधलं नाव पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं अक्षर. आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की कुणी बघतही नाही. लाँगइयरब्येनच्या काउंटरवरची मुलगी मात्र पासपोर्ट आणि लायसन्स शेजारी ठेवून नाव वाचते. वेळ असेल तर आरटीओतून दुरुस्ती करून घ्या. नसेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत सोबत ठेवा आणि कंपनीला आधीच ईमेल करून विचारा. कार्ड मूळ न्या. डिजिलॉकरवर विसंबू नका.

आपलं स्मार्टकार्ड इंग्रजीत असतं, तरी आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवावं असं माझं मत आहे. काउंटरवरचा वाद वाचतो, शिवाय ओस्लोत गाडी भाड्याने घ्यायची झाली तर उपयोगी पडतं. त्यासाठी फॉर्म 4-ए, शासकीय शुल्क 1000 रुपये, सोबत लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा आणि विमानतिकिटाच्या प्रती. व्हिसाची प्रत लागते म्हणून हे काम व्हिसा आल्यानंतरच करा. परमिट फार तर एक वर्ष चालतं आणि मूळ लायसन्सची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढंच.

परवानगी, बंदूक आणि गाइड

स्वालबार्डचा कारभार सिसेलमेस्टर, म्हणजे नॉर्वेचा तिथला राज्यपाल पाहतो. लाँगइयरब्येनच्या आसपासचा ठरावीक भाग सोडून बाहेर जायचं तर त्याच्या कार्यालयाला आधी कळवावं लागतं आणि शोध व बचावकार्याचा खर्च भरून निघेल असा विमा किंवा बँक हमी दाखवावी लागते. गावाबाहेर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाकडे ध्रुवीय अस्वलाला हुसकावण्याचं योग्य साधन असायला हवं, असा कायदा आहे. त्यापलीकडे बंदूकही ठेवावी असा प्रशासनाचा सल्ला आहे आणि ती भाड्याने घ्यायला शस्त्रपरवाना किंवा सिसेलमेस्टरची परवानगी लागते. गाव संपतं तिथे लाल त्रिकोणात पांढरं अस्वल असलेली पाटी आहे. खाली नॉर्वेजियनमध्ये लिहिलंय, 'संपूर्ण स्वालबार्डला लागू'. तिच्यापुढे नुसत्या हौसेवर जाता येत नाही.

म्हणून सरळ सांगतो: आपल्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्या गटाने तिथल्या कंपनीच्या गाइडसोबतच जावं. बंदूक, सॅटेलाइट फोन, आपत्कालीन तंबू, राज्यपालांना कळवणं, बचावकार्याची हमी ही सगळी जबाबदारी कंपनी घेते. बाहेरून आलेल्यांनी स्वतः मोटर चालवण्यावर प्रदेशाचीही बंधनं आहेत. संघटित सहलीला त्यापेक्षा जास्त भाग खुला असतो. पैसे वाचवायला 'आपण यंत्रं भाड्याने घेऊ आणि नकाशा पाहून जाऊ' असं कुणी सुचवलं तर गटप्रमुखाने तिथेच थांबवावं. हिमनदीच्या भेगांवर ताजा बर्फ पडला की त्या दिसत नाहीत आणि फ्योर्डवरचा (डोंगरांमधल्या अरुंद खाडीवरचा) समुद्री बर्फ कुठे भार पेलेल हे गाइडलाही रोज नव्याने तपासावं लागतं.

काही नियम मात्र गाइड असला तरी प्रत्येकाने स्वतः पाळायचे आहेत. रक्तातल्या दारूची मर्यादा 0.2 प्रति हजार आहे. आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी जरा जास्त झाली तर सकाळीही तुम्ही त्या मर्यादेवर असू शकता आणि मग मागच्या सीटवर बसावं लागतं. 1 जानेवारी 2025 पासून अस्वलापासून किमान 300 मीटर लांब राहणं बंधनकारक आहे. 1 मार्च ते 30 जून या काळात 500 मीटर, म्हणजे आपल्या हंगामात पाचशेच धरायचे. 1946 पूर्वीच्या मानवी वावराच्या सगळ्या खुणा संरक्षित आहेत. जुन्या झोपडीजवळचा गंजका खिळासुद्धा आठवण म्हणून उचलायचा नाही.

विमा: दोन प्रश्न लेखी विचारा

शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या तो देतात. पण तेवढ्यावर खुश होऊ नका. पहिला प्रश्न: पॉलिसी शेंगेनबाहेरच्या स्वालबार्डमध्ये चालेल का? दुसरा: स्नोमोबाइल स्वतः चालवताना झालेला अपघात त्यात धरला आहे का? साहसी खेळांचं कलम शेवटच्या पानांवर असतं आणि तिथेच असे अपघात वगळलेले असतात. एजंट फोनवर 'सगळं कव्हर आहे' म्हणतो. तेच उत्तर ईमेलवर मागा. लाँगइयरब्येनचं रुग्णालय लहान आहे. गंभीर रुग्णाला तिथून विमानाने नॉर्वेच्या मुख्य भूमीवरच्या ट्रोम्सोला हलवतात आणि हा खर्च सामान्य कुटुंबाला झेपणारा नाही. यंत्राच्या नुकसानीत तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल, हेही कंपनीच्या करारात वाचून ठेवा.

कधी काय करायचं

हिवाळ्याच्या अंधारानंतर सूर्य लाँगइयरब्येनला 8 मार्चच्या सुमारास परत दिसतो आणि एप्रिलच्या विशीपासून मावळतच नाही. त्यामुळे मार्चचा दुसरा पंधरवडा ते एप्रिलचा मध्य हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो: भरपूर उजेड, पक्का बर्फ. त्यासाठी ऑगस्टमध्ये गट पक्का करा आणि सगळ्यांचे पासपोर्ट व लायसन्स एका फोल्डरमध्ये मागवून घ्या. सप्टेंबरमध्ये कंपनीचं बुकिंग. मोठ्या गटाला एकत्र जागा मिळायची तर याहून उशीर नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नूतनीकरणं आणि नावाच्या दुरुस्त्या. मग विमा, व्हिसाचा अर्ज आणि व्हिसा आला की परमिट. तिकिटं रद्द करता येतील अशीच घ्या.

मुक्कामासाठी कॅप लिने इथलं इस्फ्योर्ड रेडिओ मला आवडलं. 1933 सालचं रेडिओ केंद्र, आता तिथे हॉटेल आहे. लाँगइयरब्येनपासून बर्फावरून साधारण शंभरेक किलोमीटर. एका दिवसात जाऊन येण्यापेक्षा दोन रात्री काढल्या तर नवशिक्या चालकांना दम खायला वेळ मिळतो आणि वारा वाढला तर एक दिवस हाताशी राहतो. पहिल्या सकाळी गाइड इंजिन बंद करणारी दोरी प्रत्येकाच्या सुटाला अडकवून दाखवतो. चालक पडला की दोरी ओढली जाते आणि यंत्र जागीच थांबतं. ती अडकवली आहे का, हे प्रत्येक थांब्यानंतर जोडीदाराने पाहायचं. आमच्यात हे काम मागे बसणाऱ्याला दिलं होतं.

पासपोर्ट स्वालबार्डहून निघतानाही हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. लाँगइयरब्येनचं विमान नॉर्वेतल्या नॉर्वेत उडत असलं तरी ओस्लोला पासपोर्ट तपासणी होते. आमच्या रांगेतल्या अधिकाऱ्याने पान उलटून व्हिसा शोधला, प्रवेशांच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि दुसरा शिक्का मारला.