‘केदार’: एक क्रियापद, अनेक कामं
(आमच्या स्पॅनिश वर्गाच्या नव्या बॅचसाठी)

फळ्यावर हे क्रियापद लिहिलं की वर्गात हशा पिकतो, कारण बॅचमध्ये एखादा केदार असतोच. स्पेलिंगमधला ‘क्यू’नंतरचा ‘यू’ मुका आहे. जोर शेवटच्या ‘दार’वर द्यायचा आणि ‘द’ अगदी हलका, जीभ दातांना जेमतेम लावून म्हणायचा.

डिक्शनरीत पहिला अर्थ मिळतो ‘उरणे, राहणे’. इथे मराठी माणसाचं निम्मं काम झालेलंच असतं. ‘मे केदान दोस दीआस’ म्हणजे ‘माझे दोन दिवस राहिलेत’. दिवस एकच असेल तर ‘केदान’चं ‘केदा’ होतं, जसं आपल्याकडे ‘राहिलेत’चं ‘राहिलाय’. ‘से केदो मिरान्दो’ म्हणजे तर शब्दशः ‘बघतच राहिला’. मोबाइल बंद पडला की ‘मे केदे सिन बातेरीआ’, बॅटरी संपली.

पण या सोयीतच खड्डा आहे. ‘तुम्ही कुठे राहता?’ या प्रश्नाला दर बॅचमध्ये कुणीतरी ‘मे केदो एन पुणे’ असं उत्तर देतं. त्याचा अर्थ होतो ‘मी पुण्यातच थांबतो, तुम्ही जा’. घर, बिऱ्हाड, पत्ता या अर्थाच्या राहण्याला ‘बिबीर’ हे वेगळं क्रियापद आहे: ‘बिबो एन पुणे’.

दुसरा खड्डा मी स्वतः खाल्लाय. माद्रिदमध्ये नवा असताना एका शुक्रवारी सहकाऱ्याने विचारलं, ‘केदामोस आ लास ओचो?’ मला वाटलं, आठपर्यंत थांबायचंय. ‘सी’ म्हणालो आणि ऑफिसात एकटाच बसून राहिलो. तो बिचारा कोपऱ्यावरच्या बारमध्ये माझी वाट बघत होता. त्याने विचारलं होतं, ‘आठला भेटायचं का?’ ‘आठपर्यंत’ म्हणायचं असतं तर ‘आ’च्या जागी ‘आस्ता’ आलं असतं. भेट ठरवण्याचा हा अर्थ मुख्यतः स्पेनमधला. मेक्सिकोला जाणार असाल तर ‘नोस बेमोस आ लास ओचो?’ म्हणा, गोंधळ होणार नाही. उलट, ‘दोन्दे केदा ला फार्मास्या?’, म्हणजे ‘औषधाचं दुकान कुठे आहे?’, हे तिकडे जास्त ऐकू येईल. मात्र ते जागच्या जागी असणाऱ्या गोष्टींसाठीच. हरवलेल्या चष्म्याला हे चालत नाही, तिथे ‘एस्ता’ लागतं.

जास्तीत जास्त सराव कपड्यांच्या दुकानात होतो, म्हणून आम्ही वर्गात खरोखरच चार शर्ट टांगतो. ट्रायल रूमच्या दाराशी दुकानदार विचारतो, ‘के ताल ले केदा?’, कसा होतोय? तुम्ही म्हणता, ‘मे केदा ग्रान्दे’, मला मोठा होतोय. ‘मे’ म्हणजे इथे सरळ ‘मला’. मराठीत शर्ट ‘मला’ होतो तसाच स्पॅनिशमध्येही होतो, त्यामुळे ‘मी’ला, म्हणजे ‘यो’ला, इथे घुसवू नका. मापाचा मिळाला की मैत्रीण म्हणते, ‘ते केदा ब्येन’, तुला छान दिसतोय. मग काउंटरवर शर्ट ठेवून ‘मे ला केदो’ म्हणायचं: हा घेतो मी. ‘लो’ऐवजी ‘ला’, कारण स्पॅनिशमध्ये शर्ट, ‘ला कामिसा’, स्त्रीलिंगी आहे.

शनिवारी येताना घरून एक ढगळ शर्ट घेऊन या.