कासोटा खोचायला हात मागे जात नाही तेव्हा

आधी केस विंचरताना हात अडतो, मग नऊवारीचा किंवा धोतराचा कासोटा मागे खोचता येत नाही, पुढे त्या कुशीवर झोपणंही नकोसं होतं. मराठवाड्यात ‘खांदा धरला’, ‘नस चढली’ म्हणतात आणि चोळणाऱ्याकडे जातात. शुगर असेल तर पहिली शंका आखडलेल्या खांद्याची, म्हणजे फ्रोझन शोल्डरची घ्यावी. हा त्रास एरवी शंभरात २ ते ५ जणांना होतो, मधुमेहींमध्ये १० ते २० जणांना.

सांध्याभोवती एक पिशवी असते. तिला सैल घड्या असतात म्हणून हात डोक्यावर जातो. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की ती पिशवीतल्या कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटते, धागे एकमेकांत अडकतात, पिशवी जाड होऊन आक्रसते. बोटांतही हेच घडतं. नमस्काराला हात जोडा. जोर लावूनही तळव्यांत फट राहिली तर सांधे आखडू लागलेत.

घरी पाहायचं असेल तर कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवा आणि दुसऱ्याला मनगट हळू बाहेर न्यायला सांगा. त्यानं नेऊनही अडलं तर पिशवी आखडल्याची शक्यता मोठी. दुसऱ्यानं उचलला तर वर जातो, पण स्वतःहून उचलत नाही, असा हात असेल तर स्नायूबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) फाटलेला असू शकतो. एक्स-रे बहुधा साफ येतो, म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

‘दिवसभर काम करते, आणखी कसला व्यायाम?’ हा प्रश्न रास्त आहे. पण भाकरी थापताना, कापूस वेचताना हात छातीच्या खालीच, अंगापुढे राहतो. खांदा पूर्ण फिरतच नाही. म्हणून आधी गरम ओल्या टॉवेलनं १०-१५ मिनिटं शेका. तापलेली वीट नको. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि फोड लवकर भरत नाही. मग चांगला हात ओट्यावर टेकवून कमरेत वाका, दुखरा हात लोंबता सोडा आणि ताटाएवढी वर्तुळं दोन्ही दिशांना १०-१० वेळा काढा. हात जोरानं फिरवू नका, अंग हलवा, तो आपोआप झुलेल. नंतर भिंतीवर बोटांनी वर चढा आणि पोचाल तिथे खडूनं खूण करा. इथे खांदा कानाकडे उचलला जातो आणि माप फसतं. ताण जाणवावा, कळ येऊ नये. झटक्यानं हात ओढून घेऊ नका, दाह वाढतो.

सांध्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन सुरुवातीच्या महिन्यांत चांगला आराम देतं, पण साखर काही दिवस चढते. गोळ्या-इन्सुलिनचं डॉक्टरांना आधीच विचारा आणि ग्लुकोमीटर हाताशी ठेवा. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात. एचबीए१सीबरोबर (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) थायरॉइडही तपासून घ्या.

डाव्या खांद्यात अचानक कळ येऊन घाम फुटला, दम लागला, तर छातीत दुखत नसलं तरी थेट दवाखाना गाठा. ताप येऊन खांदा लाल, गरम झाला तरीही थांबू नका.

खांदा मोकळा व्हायला एक ते तीन वर्षं लागू शकतात. तोवर दुसराही धरू शकतो, म्हणून महिन्यातून एकदा चांगल्या हाताचीही भिंतीवर खूण करा.