ध्वनिमुद्रणात आवाज तुटणे

संगणकावर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर चालू असताना ध्वनीचा अखंड प्रवाह क्षणभर खंडित होतो आणि ऐकणाऱ्याला टक् असा आवाज, बारीक खरखर किंवा एखाद्या शब्दाचा तुकडाच गळून पडल्याचा अनुभव येतो, त्या दोषाला आवाज तुटणे, ऑडिओ अडखळणे किंवा ड्रॉपआउट असे म्हणतात. जुन्या, मंद संगणकावर हा दोष आला तर त्याचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. मात्र वेगवान प्रोसेसर, भरपूर मेमरी आणि एसएसडी असलेल्या कोऱ्या संगणकावर पहिल्याच दिवशी आवाज तुटू लागतो, तेव्हा वापरणारा गोंधळतो. बहुतेक वेळा संगणकाची ताकद कमी पडलेली नसते. ध्वनीचे काम ठरलेल्या क्षणी पूर्ण झालेले नसते. शक्ती आणि वेळ पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या दोषाचा सगळा शोध याच फरकाभोवती फिरतो.

ध्वनी संगणकात अखंड रेषेसारखा वाहत नाही. तो नमुन्यांच्या रूपाने येतो: सीडीच्या दर्जासाठी सेकंदाला ४४,१०० आणि चित्रफितींच्या कामात बहुधा ४८,००० नमुने. प्रत्येक नमुना सुटा हाताळणे परवडत नाही, म्हणून त्यांचे गठ्ठे बांधले जातात आणि हे गठ्ठे ज्या जागेत ठेवले जातात तिला बफर म्हणतात. बफर १२८ नमुन्यांचा आणि दर ४८,००० चा असेल, तर एका गठ्ठ्याचा अवधी सुमारे २.६७ मिलिसेकंद भरतो. याचा अर्थ असा की सॉफ्टवेअरने सेकंदाला ३७५ वेळा, एकदाही न चुकता, पुढचा गठ्ठा तयार करून दिला पाहिजे. पाच मिनिटांच्या गाण्यात अशा मुदती १,१२,५०० होतात. त्यांतली एक जरी हुकली तरी इंटरफेसकडे (मायक्रोफोन व हेडफोन संगणकाशी जोडणाऱ्या ध्वनी-उपकरणाकडे) वाजवायला काही उरत नाही आणि टक् असा आवाज येतो. मुद्रण करताना याच्या उलट घडते: आलेला गठ्ठा वेळेवर उचलला गेला नाही, तर त्यावर पुढचा लिहिला जातो आणि तेवढा ध्वनी कायमचा हरवतो.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर १५ टक्के दिसत असतानाही आवाज का तुटतो, याचे उत्तर येथेच आहे. तो आकडा प्रोसेसरच्या सर्व गाभ्यांची (कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि बऱ्याच मोठ्या कालखंडाची सरासरी दाखवतो. तीन मिलिसेकंदांची एक अडवणूक त्या सरासरीत पूर्ण विरघळून जाते. म्हणूनच रीपर किंवा क्यूबेससारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्यक्ष मुदतीच्या तुलनेत किती वेळ खर्च झाला हे दाखवणारा वेगळा मापक दिलेला असतो. निदान करताना तोच पाहावा.

शोधाची पहिली पायरी साधी आहे, तरी ती वगळली जाते. तुटलेली जागा पुन्हा वाजवून पाहावी. दर वेळी त्याच ठिकाणी टक् ऐकू येत असेल, तर दोष मुद्रणाच्या वेळीच फाइलमध्ये उतरला आहे; जागा बदलत असेल, तर फाइल शाबूत आहे आणि अडचण फक्त वाजवताना येते. खात्री करायची असल्यास एक लांब ‘आ’ मुद्रित करावा आणि संशयित जागेचा तरंग इतका मोठा करून पाहावा की एकेक वळण सुटे दिसेल. स्वराची गोल, नियमित वळणे चालू असताना मध्येच रेषा उभी कापल्यासारखी उडी मारते, किंवा काही अंतर शून्यावर सपाट राहून पुन्हा सुरू होते. ते सपाट अंतर बफरच्या आकाराइतके किंवा त्याच्या पटीत भरले, तर गठ्ठाच हरवला हे उघड होते. याउलट तरंगाचे माथे छाटल्यासारखे सपाट दिसत असतील, तर तो मुळात तुटण्याचा दोष नसून मायक्रोफोनची पातळी जास्त ठेवल्याने झालेली विकृती आहे, आणि तिच्यासाठी संगणकाच्या मांडणीत काहीही बदलण्याची गरज नाही.

बफर वाढवणे हा सर्वांत प्रचलित उपाय आहे. ५१२ नमुन्यांचा बफर ४८,००० च्या दराने १०.७ मिलिसेकंदांची सवड देतो आणि १०२४ चा त्याच्या दुप्पट. मिश्रण (मिक्सिंग) करताना हा उपाय निर्धोक आहे, कारण तेव्हा थोडा विलंब कोणाला जाणवत नाही. पण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये सॉफ्टवेअरमार्गे ऐकवायचा असेल, तर जाताना आणि येताना असे दोन बफर मोजावे लागतात, शिवाय रूपांतराचा आणि केबलवरील वाहतुकीचा वेळ त्यात मिळतो. दहा मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे सुमारे साडेतीन मीटर दूर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज ऐकण्यासारखे आहे. त्यापुढे बहुतेकांची लय डळमळू लागते. इंटरफेसवर थेट ऐकण्याची सोय असल्यास ती वापरावी आणि बफर खुशाल मोठा ठेवावा. तरीही बफर वाढवून प्रश्न सुटल्याचे समाधान मानणे घाईचे ठरते, कारण मूळ अडवणूक तशीच राहिलेली असते आणि ट्रॅक वाढले की ती पुन्हा डोके वर काढते.

विंडोजवर ड्रायव्हरची, म्हणजे उपकरण आणि प्रणाली यांना जोडणाऱ्या प्रोग्रॅमची, निवड निर्णायक असते. श्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आणलेली ‘एएसआयओ’ ही पद्धत ध्वनीला विंडोजच्या सामान्य मिश्रकाला वळसा घालून थेट इंटरफेसपर्यंत नेते. नवा संगणक इंटरफेस जोडताच त्याला ओळखतो आणि सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालवू लागतो; त्यामुळे निर्मात्याचा स्वतःचा ड्रायव्हर बसवायचा राहून गेला हे लक्षातही येत नाही. इंटरफेसच्या निर्मात्याने एएसआयओ ड्रायव्हर दिला असेल तर तोच बसवावा. ‘एएसआयओ फोर ऑल’ हा विंडोजच्या सामान्य ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. स्वतःचा ड्रायव्हर नसलेल्या उपकरणासाठी तो उपयोगी आहे, पण अस्सल ड्रायव्हर उपलब्ध असताना त्याची गरज नसते. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एमएमई’ या विंडोजच्या जुन्या ध्वनिमार्गाऐवजी ‘वासापी’ हा नवा मार्ग निवडून पाहावे. मॅकवर कोअर ऑडिओ ही व्यवस्था मुळातच अंगभूत असल्याने हा टप्पा बहुधा टळतो.

हे सगळे जागेवर असूनही आवाज तुटत असेल, तर संशय अशा ड्रायव्हरांवर जातो ज्यांचा ध्वनीशी काहीच संबंध नाही. विंडोज ही सर्वसाधारण वापरासाठी घडवलेली प्रणाली आहे, काटेकोर वेळ पाळण्यासाठी नव्हे. वायफाय कार्ड, ग्राफिक्स कार्ड, बॅटरीचे नियंत्रण किंवा स्टोरेज यांपैकी कोणालाही लक्ष हवे असले की ते प्रोसेसरला अडवतात आणि उरलेले काम ‘डीपीसी’ नावाच्या रांगेत टाकतात. ही रांग सामान्य प्रोग्रॅमांच्या वरच्या प्राधान्याने चालते, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर कितीही महत्त्वाचे असले तरी ती संपेपर्यंत त्या गाभ्यावर त्याला थांबावे लागते. चांगला लिहिलेला ड्रायव्हर काही मायक्रोसेकंदांत बाजूला होतो. एखादा मात्र तीन मिलिसेकंद जागा अडवून बसतो, आणि वर सांगितलेल्या २.६७ मिलिसेकंदांच्या मुदतीचा तेथेच निकाल लागतो.

हा अपराधी शोधण्यासाठी ‘लेटन्सीमॉन’ हे साधन प्रचलित आहे. ते दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून नेहमीचे काम करावे आणि नंतर ड्रायव्हरांची यादी सर्वाधिक वेळेनुसार लावावी. तेथे दिसणारी काही नावे ओळखीची होतात: ‘एनडीआयएस’ दिसले तर बोट नेटवर्ककडे, ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ दिसले तर एनव्हिडियाच्या ग्राफिक्सकडे, ‘स्टोरपोर्ट’ दिसले तर डिस्ककडे आणि ‘एसीपीआय’ दिसले तर बहुधा वीज-व्यवस्थापनाकडे. नावावरून लगेच निष्कर्ष न काढता ते उपकरण डिव्हाइस मॅनेजरमधून तात्पुरते बंद करावे आणि मोजणी पुन्हा घ्यावी. वायफाय बंद करताच आकडा कोसळला तर नवा ड्रायव्हर शोधावा, आणि तो मिळेपर्यंत मुद्रणाच्या वेळी वायफाय बंद ठेवावे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काही वेळा नव्यापेक्षा एक पायरी जुना असलेला बरा पडतो.

वीज वाचवण्याची व्यवस्था हे नव्या संगणकावरचे दुसरे मोठे कारण आहे, विशेषतः लॅपटॉपवर. काम नसताना प्रोसेसर आपला वेग उतरवतो, काही गाभे झोपवतो आणि काम आले की पुन्हा जागा होतो. ध्वनीचे काम प्रत्येक गठ्ठ्यामागे थोडेसे आणि पुन्हा थांबा अशा स्वरूपाचे असल्याने प्रोसेसरला ते हलके वाटते, आणि तो नेमका चुकीच्या क्षणी डुलकी घेतो. म्हणूनच रिकाम्या प्रकल्पात आवाज तुटतो आणि भरलेल्या प्रकल्पात तुटत नाही, असा उलटा अनुभवही येतो. डेस्कटॉपवर ‘हाय परफॉर्मन्स’ योजना निवडता येते. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत ‘बॅलन्स्ड’ एवढीच योजना दिसते. तेथे सेटिंग्जमधील पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर न्यावा आणि चार्जर जोडलेला ठेवावा. पातळ लॅपटॉप काही मिनिटांनी तापून स्वतःचा वेग घटवतो, त्यामुळे पहिली पाच मिनिटे स्वच्छ आणि नंतर खरखर असा नमुना दिसल्यास तापमान तपासणे योग्य ठरते.

यूएसबीवरील इंटरफेस हबमधून न जोडता थेट संगणकाच्या पोर्टमध्ये लावावा, पोर्ट बदलून पाहावे आणि वीज वाचवण्यासाठी यूएसबी उपकरण झोपवणारे ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे. केबलही बदलून पाहावी. दिवसभर सॉफ्टवेअर उलटसुलट करून शेवटी केबलच सैल निघणे ही दुर्मीळ गोष्ट नाही.

तुटण्याची वेळ नियमित असेल, तर विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो. मायक्रोफोन एका उपकरणावर आणि हेडफोन दुसऱ्यावर असला की दोन्हींची नमुन्यांचा वेग ठरवणारी अंतर्गत घड्याळे स्वतंत्र चालतात. दोन घड्याळांत दहा लाखांत दहा एवढा फरक धरला, तर ४८,००० च्या दराने सेकंदाला जवळपास अर्ध्या नमुन्याची तफावत पडते. १२८ नमुन्यांची सवड असल्यास ती सुमारे साडेचार मिनिटांत संपते आणि मग टक् ऐकू येते, पुन्हा साडेचार मिनिटांनी तसेच. अशा वेळी प्रोसेसर, ड्रायव्हर किंवा बफर यांत शोधत बसणे व्यर्थ असते. येणारा आणि जाणारा ध्वनी एकाच इंटरफेसवर आणावा. मॅकवर दोन उपकरणे एकत्र जोडलेली असतील तर घड्याळांतील तफावत भरून काढणारे ‘ड्रिफ्ट करेक्शन’ चालू करावे, आणि डिजिटल केबलने जोडलेल्या उपकरणांत घड्याळाचा मालक (मास्टर), म्हणजे ज्याच्या घड्याळावर बाकीची चालतात ते उपकरण, एकच ठरवावा. प्रणालीच्या सेटिंगमध्ये ४४,१०० आणि प्रकल्पात ४८,००० असा विसंवाद राहिला आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे. ब्लूटूथ हेडफोन या कामासाठी मुळातच वर्ज्य समजावा.

प्लगइनचा, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेल्या इफेक्ट व वाद्यांच्या छोट्या प्रोग्रॅमांचा, भार निराळ्या प्रकारे जाचतो. एका ट्रॅकवरील प्लगइन एकामागून एक चालतात, कारण दुसऱ्याला पहिल्याचा निकाल लागतो. त्यामुळे ती साखळी साधारणपणे एकाच गाभ्यावर पडते आणि सोळा गाभ्यांच्या प्रोसेसरमधले बाकीचे पंधरा गाभे मोकळे असूनही उपयोगाचे नसतात. भारी साखळी असलेला ट्रॅक फ्रीझ करणे, म्हणजे त्याचा निकाल तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवून प्लगइन थांबवणे, हा येथे नेमका उपाय आहे. इंटेलच्या २०२१ च्या बाराव्या पिढीपासून आणि ॲपलच्या एम-मालिकेत वेगवान आणि काटकसरी असे दोन प्रकारचे गाभे असतात, आणि ध्वनीचे काम काटकसरी गाभ्यावर गेले की मुदत हुकण्याची शक्यता वाढते. सॉफ्टवेअर व प्रणाली अद्ययावत असल्यास ही वाटणी पुष्कळ सुधारते.

नव्या संगणकाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत पार्श्वभूमीवर बरेच काही चालू असते: अपडेट उतरतात, शोधसूची बनते, क्लाउडवरून फाइल येतात, अँटिव्हायरस सगळी डिस्क चाळतो. हे संपेपर्यंत निदानाला हात घालू नये. प्रकल्प व ध्वनिसंग्रहांचे फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळता येतात.

काही वेळा दोष वापरणाऱ्याच्या हाताबाहेरचा असतो. एएमडीचा रायझन प्रोसेसर असलेल्या काही संगणकांत एफटीपीएम ही सुरक्षाव्यवस्था मदरबोर्डवरील फ्लॅश मेमरीशी अधूनमधून व्यवहार करताना संपूर्ण संगणक क्षणभर थबकत असे. एएमडीने २०२२ मध्ये हे मान्य केले आणि उपाय बायॉसच्या (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटच्या रूपाने आला. ॲपलने २०१८ च्या मॅकबुक एअर, मॅकबुक प्रो आणि मॅक मिनीवरील यूएसबी ध्वनीची विश्वासार्हता २०१९ मध्ये मॅकओएस १०.१४.४ मधून सुधारली. अशा दोषांत बफर आणि वीज-योजना कितीही हलवल्या तरी फरक पडत नाही, म्हणून बायॉस आणि प्रणालीची आवृत्ती सुरुवातीलाच तपासणे श्रेयस्कर. लिनक्समध्ये वेळ काटेकोर पाळणारी ‘प्रीएम्प्ट आरटी’ ही व्यवस्था वर्षानुवर्षे वेगळ्या जोड-तुकड्यांच्या (पॅच) रूपाने मिळत होती. ती २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत मुख्य कर्नेलमध्ये (प्रणालीच्या मूळ भागात) पूर्णपणे सामावली गेली.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर तोच प्रकल्प, तोच बफर आणि तेवढाच वेळ ठेवून पुन्हा ऐकावे. दहा सेटिंग एकदम बदलून आवाज स्वच्छ झाला, तर कशाने झाला हे कळत नाही आणि पुढच्या अपडेटनंतर दोष परतला की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. संगणक नवा असेल तर ही तपासणी परतीची मुदत संपण्याआधी उरकणे महत्त्वाचे आहे. बायॉस अद्ययावत आहे, वायफाय व ब्लूटूथ बंद आहेत, चार्जर जोडला आहे, एकच ट्रॅक असलेला रिकामा प्रकल्प उघडा आहे, आणि तरीही लेटन्सीमॉनमध्ये तोच अंगभूत ड्रायव्हर वारंवार कित्येक मिलिसेकंद अडवताना दिसतो, अशा परिस्थितीत त्या मोजणीचे चित्र जतन करून ते विक्रेत्यापुढे ठेवावे आणि संगणक बदलून मागावा.