सहा मिनिटांचं पाणी

अथेन्सच्या जुन्या बाजारचौकात, म्हणजे अगोरात, उत्खनन करताना मातीचं एक भांडं सापडलं. आपल्या कुंडीसारखंच, पण तळाशी बारीक तोटी आणि काठाखाली एक भोक. भोकाच्या वर पाणी चढूच शकत नाही, त्यामुळे भांडं दरवेळी नेमकं तेवढंच भरतं, सुमारे ६.४ लिटर. तोटीचं बूच काढलं की ते साधारण सहा मिनिटांत रिकामं होतं. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीचं हे कोर्टातलं घड्याळ. धार थांबली की बोलणाऱ्याने गप्प बसायचं. दाव्याची रक्कम मोठी असेल तर पाणी जास्त मिळे. कारकून कायदा किंवा साक्ष वाचून दाखवू लागला की तोटीला बूच लावत, म्हणजे त्या वाचनात पक्षकाराचा वेळ खर्ची पडू नये.

अथेन्सच्या लोकशाहीबद्दल आपण शाळेत शिकतो ते पेरिक्लीस, सॉक्रेटिस आणि मोठमोठी भाषणं. मला मात्र तिची खरी ओळख अशा भांड्यांतून आणि युक्त्यांतून पटते. या माणसांनी एकमेकांवर फारसा भरवसा टाकलेला दिसत नाही. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी लबाडी करणार असं धरून चालायचं आणि तिला जागाच राहणार नाही अशी सोय करायची, हा त्यांचा खाक्या.

न्यायाधीश निवडायची पद्धतच बघा. आपल्या अर्थाने न्यायाधीश तिथे नव्हतेच. तीस वर्षांवरचे ६,००० नागरिक वर्षभरासाठी पंच म्हणून नोंदवले जात आणि एकेका खटल्याला त्यांतले शेकड्यांनी बसत. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला दोषी ठरवलं ते अशाच काही शे पंचांनी. आज कोणत्या कोर्टात कोण बसणार हे त्याच सकाळी सोडत काढून ठरे, म्हणजे लाच द्यायची तरी कोणाला?

या सोडतीसाठी एक यंत्र होतं, क्लेरोतेरियन. उभी दगडी शिळा, तिच्यावर ओळीने बारीक खाचा. पंचाने आपल्या नावाची पट्टी आणायची, ती खाचेत बसवली जाई. शिळेच्या कडेला एक नळी, तिच्यात काळे-पांढरे फासे सरमिसळ करून ओतलेले. खालून एकेक फासा सोडायचा. पांढरा आला तर ती आडवी ओळ आत, काळा आला तर अख्खी ओळ घरी. या शिळांचे तुकडे बरेच आधी हाती आले होते, पण त्यांचं कोडं सुटत नव्हतं. ‘क्लेरोतेरियन’ म्हणजे सोडत काढायची खोली असावी असंच अभ्यासक समजत होते. १९३०च्या दशकात स्टर्लिंग डाऊ या अमेरिकन अभ्यासकाने तुकडे आणि जुना मजकूर एकमेकांशी ताडून दाखवले, तेव्हा ते यंत्र असल्याचं कळलं. तो मजकूर म्हणजे अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरचा, ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेला ग्रंथ. तोही इजिप्तमधल्या शेतीच्या हिशेबाच्या कागदांमागे उतरवलेला सापडला आणि १८९१ मध्ये छापला गेला. रद्दीने इतिहासावर केवढे उपकार केलेत!

निवड झाली की पंचाच्या हातात रंगीत काठी येई. ज्या कोर्टाच्या दारावरची पट्टी त्या रंगाची, तिथेच जायचं. मित्र बसलाय म्हणून शेजारच्या कोर्टात घुसायची सोय नाही.

मग मतदान. प्रत्येकाला काशाच्या दोन चकत्या मिळत, दोन्हींच्या मध्यातून छोटा दांडा. एकीचा दांडा पोकळ, दुसरीचा भरीव. पोकळ चकती फिर्यादीचं मत, भरीव आरोपीचं. दांड्याची दोन्ही टोकं अंगठा आणि बोटाने झाकून चकती धरली की कोणती कुठे टाकली हे शेजाऱ्यालाही कळत नसे. मोजायची ती काशाच्या भांड्यात, दुसरी लाकडी भांड्यात. अगोरात अशा चकत्या सापडल्या आहेत. हातात घेतल्या तर लट्टूच वाटावेत.

दिवसाचा भत्ता तीन ओबोल, म्हणजे कुशल कारागिराच्या रोजाच्या निम्मा. त्यामुळे म्हातारी माणसं कोर्टात गर्दी करत. ॲरिस्टोफेनिसने इ.स.पू. ४२२ मध्ये त्यांची नाटकातून यथेच्छ टर उडवली. कोर्टाचं वेड लागलेल्या बापाला मुलगा घरात कोंडतो, तर बाप धुराड्यातून बाहेर निघू पाहतो आणि कोण आहे विचारल्यावर ‘मी धूर’ म्हणतो.

सरकारी वकील नव्हता. बहुतेक सार्वजनिक गुन्ह्यांत कोणाही नागरिकाने फिर्याद करावी, पण एक पंचमांश मतंही पडली नाहीत तर १,००० द्राख्मे (सहा ओबोलांचा एक द्राख्मा) दंड. बोलायचं ज्याचं त्याने. भाषण मात्र पैसे देऊन लिहून घेता येई. लिसियास हा असाच नामांकित भाषणलेखक, स्वतः अथेन्सचा नागरिक नसलेला. या भाषणांमुळेच अथेन्सच्या घरात डोकावता येतं.

त्यातलं एक युफिलेटसचं. बायकोच्या प्रियकराला त्याने तिच्या खोलीत पकडून ठार मारलं होतं. (नानावटी खटला आठवलाच असेल.) असा वध न्याय्य होता का, याची सुनावणी डेल्फिनियन नावाच्या वेगळ्या जागी होई. तो सांगतो, माझं घर छोटं, दुमजली. बायका वर, मी खाली. मूल झालं, त्याला धुवायला रात्री-अपरात्री जिना उतरताना बायको पडेल म्हणून मी वर गेलो, तिला खालचा मजला दिला. एका रात्री मूल रडू लागलं. मी म्हटलं, जा, त्याला पाज. तर ती हसत मला बाहेरून कडी लावून गेली. रात्री दारं करकरली. सकाळी विचारलं तर म्हणे, बाळाजवळचा दिवा विझला होता, शेजारून पेटवून आणला. तिचा भाऊ वारून महिनाही झाला नव्हता, तरी चेहऱ्यावर रंग लावलेला दिसला.

इतका बारकावा, कारण पंचांना त्या जिन्यावर उभं करायचं होतं. ती बाई मात्र कोर्टात बोलू शकत नव्हती. बायकांना तिथे उभं राहून साक्ष देता येत नसे आणि गुलामाची साक्ष छळ करून घेतलेली असेल तरच ग्राह्य. प्रियकराचे निरोप बायकोपर्यंत पोचवणाऱ्या दासीची जबानी आपल्याला मालकाच्या तोंडूनच ऐकू येते, आणि अख्ख्या भाषणात बायकोचं नाव एकदाही येत नाही.

उलट पंचांची नावं आपल्याला पट्ट्यांवरून कळतात. अनेक पट्ट्या थडग्यांत सापडल्या, मालकाच्या सोबत पुरलेल्या. काहींवर आधीच्या माणसाचं नाव खोडून नवं कोरलंय, आणि तिरप्या उजेडात धरलं की जुनी अक्षरं अजून दिसतात.