पॅनिक बार आणि बाहेर उघडणारे दरवाजे

पॅनिक बार म्हणजे थिएटर, शाळा, हॉस्पिटल, मोठी दुकानं अशा ठिकाणी बाहेर पडायच्या दारावर आतून कमरेच्या उंचीला जो आडवा दांडा असतो तो. दांडा ढकलला की लॅच आत सरकतं आणि दार बाहेरच्या बाजूला उघडतं, किल्ली लागत नाही, मूठ फिरवावी लागत नाही, अंधारात हात दांड्यावर कुठेही पडला तरी चालतं, अगदी मागच्यांच्या रेट्याने कुणी नुसतं दारावर आदळलं तरी ते उघडतं. बाहेरून मात्र दार बंदच राहतं, आणि खरी मेख तिथेच आहे. कारण दरवाज्यांमुळे झालेल्या बहुतेक मोठ्या दुर्घटनांमध्ये दार बंद असायचं कारण एकच निघतं, कुणीतरी फुकट आत येईल किंवा काहीतरी घेऊन बाहेर जाईल ही मालकाची धास्ती.

आत उघडणारं दार गर्दीत का उघडत नाही ते आधी बघू. दार स्वतःकडे ओढायचं तर पुढच्या माणसाला एक पाऊल मागे यावं लागतं, पण मागे जागा नसते, आणि सगळ्यात मागे असलेल्यांना पुढे दार अडलंय हे कळतच नाही, त्यांना एवढंच दिसतं की रांग हलत नाहीये, म्हणून ते अजून रेटतात. अशा वेळी बरीच माणसं आगीने किंवा पायाखाली तुडवली जाऊन नव्हे, तर उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन गुदमरून मरतात. त्यामुळे 'लोक घाबरले म्हणून मेले' हे जे सर्रास लिहिलं जातं ते निम्मंच खरं असतं.

व्हिएन्नाच्या रिंग थिएटरला ८ डिसेंबर १८८१ ला आग लागली, तिथेही आत उघडणारे दरवाजे होते, सरकारी आकडा ३८४ मृतांचा आहे. पण दाराचा विषय निघाला की इंग्लंडमधल्या संडरलंडचं उदाहरण हमखास येतं, कारण तिथे आग लागलीच नव्हती. १६ जून १८८३, व्हिक्टोरिया हॉल, लहान मुलांसाठी जादूचा वगैरे खेळ. शेवटी स्टेजवरून खालच्या मुलांना खेळणी वाटायला सुरुवात झाली आणि वर गॅलरीत बसलेल्या मुलांना वाटलं आपल्याला काही मिळणार नाही, ती जिन्याने खाली धावली. जिन्याच्या तळाशी दार होतं, ते आत उघडणारं, आणि एका वेळी एकच पोर जाईल एवढी फट ठेवून बोल्ट जमिनीत अडकवलेला. पुढची मुलं अडकली, वरून मुलं येतच राहिली. १८३ मुलं गेली, वयं साधारण ३ ते १४. त्यानंतर सार्वजनिक सभागृहांत बाहेर उघडणारी पुरेशी दारं असावीत असे नियम आले आणि रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी आतून ढकलून उघडणाऱ्या बोल्टचं पेटंट १८९२ मध्ये घेतलं.

अमेरिकेने मात्र हा धडा स्वतःच्या खर्चाने घेतला. शिकागोचं इरोक्वॉय थिएटर नवंकोरं होतं, उघडून जेमतेम पाच आठवडे झालेले, जाहिरातीत 'पूर्णपणे अग्निरोधक' म्हटलेलं. ३० डिसेंबर १९०३ ला दुपारच्या खेळात स्टेजवरच्या आर्क दिव्याने पडदा पेटला, आग रोखायचा जो सेफ्टी पडदा होता तो खाली येताना मध्येच अडकला. बाहेर पडायची दारं शोभेच्या पडद्यांमागे झाकलेली, पाट्या नाहीत, काही दारं आत उघडणारी, काहींना युरोपियन पद्धतीची कुलपं जी बहुतेकांनी कधी बघितलीच नव्हती. एक दार एका माजी बेसबॉलपटूला उघडता आलं कारण त्याच्या घरी बर्फाच्या कपाटाला तसंच कुलूप होतं असं सांगतात. आणि जिन्यांवर लोखंडी जाळीचे गेट लावून कुलूप घातलेलं, का तर स्वस्त तिकिटवाले खाली येऊन महागड्या जागांवर बसू नयेत म्हणून. ६०० च्या वर माणसं मेली, एका इमारतीच्या आगीत अमेरिकेत इतकी माणसं क्वचितच गेली असतील.

या खेळाला कार्ल प्रिन्झ्लर नावाचा हार्डवेअरचा सेल्समन जाणार होता, कामामुळे राहिलं. इंडियानापोलिसच्या व्हॉनेगट हार्डवेअर कंपनीत तो होता. मालकाला बाहेरून कुलूप हवंच असेल तर असू दे पण आतल्या माणसाला ते जाणवताच कामा नये, या विचारावर त्याने हेन्री ड्यूपाँट या आर्किटेक्टबरोबर काम केलं आणि १९०८ मध्ये त्यांचा दांडा 'व्हॉन ड्यूप्रिन' नावाने बाजारात आला, हे नाव व्हॉनेगट, ड्यूपाँट आणि प्रिन्झ्लर या तिघांच्या आडनावांचे तुकडे जोडून केलेलं. हा ब्रँड आजही चालू आहे.

पण उपकरण आलं म्हणून ते लागलं असं होत नाही. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ कामगार गेले, बहुतेक स्थलांतरित ज्यू आणि इटालियन तरुण मुली. नवव्या मजल्यावरचं एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं कारण सुटताना सगळ्यांनी दुसऱ्या दाराने जाऊन पर्स तपासून घ्यायची पद्धत होती. बाहेरचा लोखंडी जिना वजनाने कोसळला, फायर ब्रिगेडच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. मालकांवर खटला झाला आणि ते सुटले, कारण दाराला कुलूप आहे हे त्यांना त्या वेळी माहीत होतं हे ज्युरीच्या मते सिद्ध झालं नाही. तरी राज्याने चौकशी आयोग नेमला आणि न्यूयॉर्कचे कामगार कायदे बऱ्याच अंशी नव्याने लिहिले गेले. आग रस्त्यावरून बघणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या, पुढे १९३३ ला त्या अमेरिकेच्या कामगार खात्याच्या मंत्री झाल्या. अग्निसुरक्षेचे मानक ठरवणाऱ्या एनएफपीएची जीवसुरक्षा समितीही १९१३ मध्ये याच वातावरणात बनली.

बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबमध्ये तर पॅनिक बार असूनही उपयोग झाला नाही. २८ नोव्हेंबर १९४२, क्षमतेच्या साधारण दुप्पट गर्दी, मेन एंट्रन्सला गोल फिरणारा दरवाजा जो दोन्हीकडून रेटल्यावर जाम झाला. तळघरातल्या बारमधून वर येणाऱ्या जिन्यापाशी पॅनिक बारवालं दार होतं पण त्याला वेगळं कुलूप घातलेलं, गिऱ्हाईक बिल बुडवून पळू नये म्हणून. मृत ४९२. तेव्हापासून फिरत्या दाराच्या बाजूला साधं बाहेर उघडणारं दार लागतंच, मालकाला तुरुंगवासही झाला.

दिल्लीच्या उपहार सिनेमात १३ जून १९९७ ला ५९ जण गुदमरून गेले, तिथे बाल्कनीत जादा खुर्च्या घालताना एका बाजूचा बाहेर पडायचा मार्गच बंद झालेला होता. ढाक्याजवळच्या ताझरीन कारखान्यात २०१२ ला शंभरहून जास्त कामगार गेले, अलार्म वाजल्यावरही कामगारांना परत मशिनवर बसवल्याचे आरोप झाले. पुढच्या वर्षी राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत पडल्यावर कपड्यांचे ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात जो ॲकॉर्ड, म्हणजे सुरक्षेचा करार, झाला त्यात कारखान्यांनी बाहेर पडायच्या वाटांवरचे कुलूप लावता येणारे गेट काढून टाकावेत ही अट होती.

आताचे नियम थोडक्यात असे: अमेरिकेत साधारणपणे ५० किंवा जास्त माणसं वापरणारं दार बाहेर जायच्या दिशेनेच उघडलं पाहिजे, आणि किल्ली किंवा विशेष माहितीशिवाय उघडलं पाहिजे. युरोपात गर्दीच्या जागांसाठी ईएन ११२५ हे मानक आहे, आणि ज्या जागेत माहितगार लोकच असतात तिथे ईएन १७९ चालतं. चोरीची धास्ती असलेल्या दुकानांना काही ठिकाणी उशिराने उघडणारं दार लावू देतात, दांडा दाबला की अलार्म वाजतो आणि १५ सेकंदांनी दार सुटतं, पण फायर अलार्म वाजला किंवा वीज गेली की ते लगेच सुटावं लागतं.

अमेरिकेत सध्या हाच वाद उलट बाजूने आलाय. शाळांमधल्या गोळीबाराच्या भीतीने वर्गाची दारं आतून अडकवायची साधनं विकली जातात, आणि फायर मार्शल, म्हणजे अग्निसुरक्षा तपासणारे अधिकारी, म्हणतात की एकाच हालचालीत उघडत नसेल तर ते लावता येणार नाही. काही राज्यांनी त्याला परवानगी दिली आहे, काहींनी नाही.