वेलुंद्रियाके : समुद्र राखणारी गावे

वेलुंद्रियाके : मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील मच्छीमार गावांनी स्वतः आखलेले आणि स्वतःच राखलेले सागरी क्षेत्र. त्याची सुरुवात अंदावादुआका या हजार-बाराशे वस्तीच्या गावात २००४ साली झाली. २००६ मध्ये शेजारची गावे सामील होऊन वीसहून अधिक गावांची संघटना उभी राहिली आणि २०१५ मध्ये सरकारने या पट्ट्याला कायमस्वरूपी संरक्षित क्षेत्राचा दर्जा दिला. क्षेत्रफळ सुमारे ६४० चौ. किमी. असून त्यात प्रवाळखडक, छोटी बेटे, समुद्री गवताची कुरणे आणि कांदळवने येतात.

अंदावादुआका हे गाव तुलियारा शहराच्या उत्तरेस, मोझांबिकच्या सामुद्रधुनीवर आहे. गावामागे गोरखचिंचेची झाडे आणि काटेरी, रखरखीत जंगल. पाऊस इतका कमी की शेतीवर पोट भरत नाही. येथील वेझु लोक समुद्रावरच जगतात. एका बाजूला उलांडी (होडी कलंडू नये म्हणून जोडलेला लाकडी ओंडका) असलेल्या शिडाच्या होड्या हे त्यांचे मुख्य साधन. या क्षेत्रातील ८७ टक्के प्रौढांचा रोजगार मासेमारीत असल्याचे एका अभ्यासात आढळले. होडीवर जाणारे बहुतेक पुरुष असतात. उधाणाच्या ओहोटीला खडक उघडे पडले की काठ्या-भाले घेऊन ऑक्टोपस शोधायला निघतात त्या मात्र प्रामुख्याने बायका आणि मुले. येथील नियोजन या उघड्या खडकांवरूनच सुरू झाले.

निर्यातीसाठी ऑक्टोपस विकत घेणारे गावापर्यंत पोहोचले, तशी मासेमारी वाढली आणि हाती लागणारा ऑक्टोपस कमी व लहान होऊ लागला. ‘ब्लू व्हेंचर्स’ ही ब्रिटिश संस्था २००३ पासून गावात प्रवाळांचा अभ्यास करत होती. तिच्याशी आणि इतर संशोधकांशी चर्चा करून गावकीने नुसी फासी या बेटाभोवतीच्या खडकांवर १ नोव्हेंबर २००४ पासून सात महिने ऑक्टोपस न पकडण्याचे ठरवले. बंदी एकाच जागेपुरती आणि ठरावीक मुदतीची होती. बाकीचा समुद्र खुला होता, त्यामुळे कोणाची चूल विझणार नव्हती आणि प्रयोग फसला तर सोडून देता आला असता. संपूर्ण किनाऱ्याचा आराखडा आधी कागदावर मांडला असता, तर गाव इतक्या सहज तयार झाले असते असे वाटत नाही.

निवडलेला प्राणीही अशा प्रयोगाला सोयीचा. या भागातला ऑक्टोपस (ऑक्टोपस सायनिया) जेमतेम दीड वर्ष जगतो, पण वाढतो झपाट्याने. दोन-तीन महिने हात लावला नाही तरी वजनातला फरक डोळ्यांना दिसतो. २००५ मध्ये खडक खुले झाले तेव्हा मोठे ऑक्टोपस मिळाले. पण बातमी आधीच पसरली होती. राखणीत भाग न घेतलेले बाहेरगावचे लोकही होड्या भरून आले आणि फायदा वाटला गेला. त्यातून गावांना कळले की एकट्याने बंदी पाळून भागत नाही. पुढे शेजारची गावेही आपापले खडक बंद ठेवू लागली आणि तारखा एकमेकांशी जुळवू लागली. नंतरच्या वर्षांतील ३६ बंदींच्या आकडेवारीचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदी उठल्यानंतरच्या महिन्यात त्या जागांवरील ऑक्टोपसची आवक ७०० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे, आणि बंदीच्या काळात गावाच्या उत्पन्नात लक्षणीय घट झाली नसल्याचे त्यात दिसले. सरकारनेही नैर्ऋत्य किनाऱ्यावर ऑक्टोपससाठी वार्षिक बंदीकाळ लागू केला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक होड्यांवरील मासेमारी बंदी सरकार ठरवते व ती सगळ्या किनाऱ्याला सारखीच असते. वेलुंद्रियाकेत कोणता खडक कधी बंद ठेवायचा हे गावाची सभा ठरवते.

संघटनेत उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन विभाग असून गावांनी निवडलेले प्रतिनिधी कारभार पाहतात. नियमांना ‘दिना’ या जुन्या प्रथेचे बळ आहे. दिना म्हणजे सभेत सर्वांनी मान्य केलेला करार आणि तो मोडणाऱ्याला ठरलेला दंड. २००१ च्या कायद्याने या प्रथेला चौकट दिली. न्यायालयाची मान्यता मिळालेला दिना कायदेशीर ठरतो. विष टाकून मासे मारणे आणि रापणीसारखी किनाऱ्याकडे ओढायची जाळी यांना वेलुंद्रियाकेच्या दिन्याने मनाई केली आहे. काही खडक आणि कांदळवने कायमची राखीव आहेत.

कामाचा पसारा मासेमारीपुरता राहिला नाही. २००७ मध्ये अंदावादुआकात कुटुंबनियोजनाचा दवाखाना सुरू झाला. निसर्गरक्षणाच्या प्रकल्पात हे क्वचितच घडते, पण दवाखानाच लांब असलेल्या बायकांच्या दृष्टीने ती गरज ऑक्टोपसपेक्षा मोठी होती. गावाला संयुक्त राष्ट्रे विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला. जोडधंदा म्हणून समुद्रकाकडी (समुद्रतळावर राहणारा काकडीच्या आकाराचा प्राणी) आणि समुद्रशेवाळाची शेती आली. घरांना लागणारे लाकूड आणि शिंपल्यांचा चुना भाजण्याचे सरपण यांसाठी तिवरांची तोड होत असे. २०१९ मध्ये दहा गावांनी १,२०० हेक्टरांहून अधिक कांदळवन राखून कार्बन पत (झाडांनी हवेतला कार्बन साठवल्याबद्दल मिळणारे, विकता येणारे प्रमाणपत्र) विकण्याची योजना सुरू केली.

सर्वांत अवघड भाग अंमलबजावणीचा ठरला. नियम मोडणारा बहुधा कोणाचा तरी मेहुणा किंवा चुलतभाऊ असतो, आणि नात्यात दंड वसूल करणे कोणालाच नको असते. वेझु लोक हंगामानुसार किनाऱ्याने दूरवर जातात. त्यामुळे सभेला हजर नसलेले मच्छीमारही या पाण्यात येतात. समुद्रकाकडीच्या कुंपणांतून रात्री चोऱ्या होतात, म्हणून पहारा ठेवावा लागतो. शिवाय ऑक्टोपसइतक्या लवकर फळ देणारे दुसरे काही समुद्रात फारसे नाही. प्रवाळखडकांवरचे मासे पूर्ववत व्हायला अनेक वर्षे लागतात, आणि इतकी वर्षे राखण करत थांबणे रोजच्या मिळकतीवर जगणाऱ्या घरांना परवडत नाही. त्यामुळे ऑक्टोपसची तात्पुरती बंदी गावोगाव पसरली, तितक्या सहज कायमचे राखीव खडक पसरले नाहीत. अशा प्रकारे आपला समुद्र राखणाऱ्या मादागास्करमधील गावांचे ‘मिहारी’ हे राष्ट्रीय जाळे २०१२ मध्ये स्थापन झाले.