बायको नॉमिनी की बायको लाभार्थी? घटस्फोटानंतर फरक पडतो

‘पॉलिसी बायकोच्या नावानं केलीये’ असं कुणी म्हणालं की मी आधी बाँड, म्हणजे पॉलिसीचा मूळ कागद, मागते. दादरला विम्याचं काम करताना हे वाक्य रोज कानावर येतं, आणि त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. संसार चालू असतो तोवर फरक जाणवत नाही. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयातून घटस्फोटाची डिक्री हातात आली की जाणवतो.

मागे एकजण दोन बाँड घेऊन आला. घटस्फोट झालेला, दोन्हीकडे आईचं नाव लावायचं होतं. पहिल्या बाँडवर बायको नॉमिनी होती. विमा कायदा 1938, कलम 39 : पॉलिसी ज्याची, तो मुदत संपण्याआधी कधीही नॉमिनी बदलू शकतो, नॉमिनीची संमती लागत नाही. फॉर्म भरला, सही केली, काम झालं.

पण हलावं त्यालाच लागतं. डिक्री झाली म्हणून रेकॉर्डवरचं नाव आपोआप पुसलं जात नाही. कंपनीला कळणार तरी कसं? मृत्युपत्रातून नॉमिनी बदलता येतो, मात्र तशी लेखी सूचना कंपनीकडे गेली नसेल आणि तिनं जुन्या नॉमिनीला सद्भावनेनं पैसे दिले, तर कंपनी मोकळी. पुढे आई आणि माजी सून यांनी कोर्टात बघायचं. 1984 साली सर्वोच्च न्यायालयानं नॉमिनीला फक्त पैसे स्वीकारणारा ठरवलं होतं, हक्क वारसांचा. 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. घटस्फोटानंतर ‘पत्नी’ हे नातंच उरत नाही, आणि भांडणाला तिथेच तोंड फुटतं.

दुसरा बाँड उघडला तर मागे गंजलेल्या पिनेनं टोचलेला एक कागद. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा, 1874, कलम 6. आमच्यात ‘एमडब्ल्यूपी’ म्हणतात. लाभार्थी म्हणून बायको आणि मुलगी, दोघींची नावं. खाली त्याचीच सही, पण त्याला आठवतही नव्हती. प्रपोजल भरताना दहा ठिकाणी सह्या घेतात, त्यातली एक. हे मला फार खटकतं; एवढी मोठी गोष्ट समजावून सांगायला एजंटला पाच मिनिटं पुरतात.

हा कागद म्हणजे ट्रस्ट : पॉलिसीचा पैसा नाव लिहिलेल्या बायको-मुलीसाठीच राखून ठेवलेला. पॉलिसी घेतानाच करावा लागतो. हप्ते नवरा भरतो, पण पैसा त्याच्या मिळकतीत धरत नाहीत. ज्यांचं देणं आहे त्यांना बुडवायला केलेला नसेल तर जप्तीही येत नाही. इथे कलम 39 लागूच होत नाही, म्हणून ‘नॉमिनी बदला’ हा अर्ज निरर्थक. घटस्फोटानं ट्रस्ट मोडत नाही, नावानिशी लिहिलेली बायको लाभार्थी राहते. तिच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय तिचं नाव हलत नाही.

‘ताई, मग मी हप्ता का भरू?’ त्यानं विचारलं. रास्त प्रश्न. मी त्याला मुलीच्या नावावर बोट ठेवून दाखवलं.

दोघांच्या आयुष्यावर मिळून काढलेली जोड-पॉलिसी ही तिसरीच गोष्ट. ती चालू ठेवायची की सरेंडर करायची (मुदतीआधी मोडायची), पैसा कुणाचा, हे तिच्या अटी वाचून दोघांनी मिळूनच ठरवावं लागतं.

परस्पर संमतीनं वेगळे होत असाल तर कन्सेन्ट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात देतात त्या समझोत्याच्या अटींमध्ये, प्रत्येक पॉलिसीचा नंबर लिहा, एमडब्ल्यूपी आहे की नाही तेही. हप्ता कोण भरणार तेही. मुलाला नॉमिनी करताना तो 18 वर्षांच्या आत असेल तर अपॉइंटी, म्हणजे त्याच्या वतीनं पैसे स्वीकारणारी व्यक्ती, नेमतात. त्या रकान्यात जुन्या जोडीदाराचं नाव हवंय का, हे आधी ठरवा. बदल करून घेतला की कंपनीची लेखी पोच मागून घ्या आणि ती बाँडलाच लावून ठेवा. एक झेरॉक्स आईकडे द्या.